व्यसनमुक्तांची घरे

सोबर लिव्हिंग होम म्हणजे साध्यासुध्या वस्तीतले एक भाड्याचे घर. त्यात दारू किंवा अमली पदार्थ सोडलेली सहा ते दहा-बारा माणसे एकत्र राहतात. सकाळी सगळे कामावर जातात, महिन्याला भाड्याचा आपापला वाटा देतात, स्वयंपाकघर आळीपाळीने आवरतात. घरात डॉक्टर नसतो, परिचारिका नसते, दाराशी रखवालदार नसतो. अट मात्र कडक असते: नशा करायची नाही, घरात आणायची नाही आणि करून घरात यायचे नाही.

उपचारांच्या क्रमात या घराची पाळी शेवटी येते. आधी शरीरातली नशा उतरवायची, त्याला आठ-दहा दिवस पुरतात. मग व्यसनमुक्ती केंद्रातले चार-सहा आठवडे, समुपदेशन, गटसभा. त्यानंतर माणूस पिशवी उचलून बाहेर पडतो आणि संध्याकाळी परतायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. अनेकदा बायकोने दार बंद केलेले असते, नोकरी गेलेली असते आणि उरलेली ओळखीची माणसे गुत्त्यावरचीच असतात. व्यसनमुक्तीचा इतिहास बहुधा औषधांचा आणि केंद्रांचा म्हणून सांगितला जातो. संध्याकाळच्या या प्रश्नालाही तितकाच जुना इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग अमेरिकेत घडला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत दारूबंदीचा प्रचार जोरात होता, पण प्रचारकांचा भर बेताने पिणाऱ्याला वाचवण्यावर होता. जो पुरता बुडाला त्याच्यावर पाणी सोडलेले असे. एप्रिल १८४० मध्ये बाल्टिमोर शहरातल्या चेस यांच्या गुत्त्यावर नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी ही समजूत मोडली. शिंपी, सुतार, लोहार, गाड्या बांधणारा, चांदीकाम करणारा असे ते कारागीर होते. पिता पिताच त्यांच्यात दारूबंदीच्या एका व्याख्यानाची चर्चा निघाली आणि त्यातून सगळ्यांनी मिळून दारू सोडण्याची शपथ घेतली. देशाच्या पहिल्या अध्यक्षाच्या नावावरून त्यांनी आपल्या मंडळाला वॉशिंग्टन टेम्परन्स सोसायटी असे नाव दिले. प्रवेशाची वर्गणी होती २५ सेंट. दर आठवड्याच्या सभेत व्याख्यान नसे. एकेक जण उभा राहून आपण काय गमावले आणि कसे सोडले ते सांगे. दारुड्याने दारुड्याशी बोलायचे, ही पद्धत तिथे रुजली आणि दोन-तीन वर्षांत देशभर पसरली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्ड गावी या मंडळाच्या सभेत अब्राहम लिंकन बोलले. तेव्हा ते तिशीतले वकील होते. पिणाऱ्याला शिव्याशाप देऊन काही साधत नाही, त्याच्याशी मैत्रीने बोलावे लागते, हा त्या भाषणाचा रोख होता.

शपथ घेतलेल्या पुष्कळांना रात्री टेकायला जागा नव्हती, हे या मंडळींच्या लगेच लक्षात आले. बॉस्टनमध्ये त्यांनी आपल्या सभागृहाच्या खालच्या खोल्यांत अशांची सोय केली. मार्था वॉशिंग्टन सोसायटी या नावाने स्त्रियांची मंडळे निघाली, ती पिणाऱ्यांच्या कुटुंबांना आणि पिणाऱ्या स्त्रियांनाही कपडे-अन्न पुरवीत. ही चळवळ मात्र पाच-सहा वर्षांतच ओसरली. शपथेनंतर काय करायचे याची बांधणी तिच्यापाशी नव्हती, आणि कायद्याने दारूबंदी आणावी की नाही या वादाने तिच्यात फूट पाडली. मागे राहिली ती घरे. १८५७ मध्ये बॉस्टनला, १८५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आणि १८६३ मध्ये शिकागोला मद्यपींसाठी निवासगृहे उघडली. तिथे माणूस आपणहून येई, थोडे आठवडे राही, आणि बाहेर पडल्यावर गावातल्या एखाद्या दारूमुक्त मंडळाशी त्याची गाठ घालून दिली जाई. आजच्या सोबर घराचे हे जुने पूर्वज.

त्याच काळात दुसरा, अगदी वेगळा विचारही जोर धरत होता. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे डॉ. जोसेफ एडवर्ड टर्नर यांच्या खटपटीतून मद्यपींसाठी एक प्रचंड दगडी इस्पितळ बांधले गेले आणि १८६४ मध्ये तिथे रुग्ण येऊ लागले. मद्यासक्ती हा रोग आहे, हे टर्नर यांचे म्हणणे काळाच्या पुढचे होते. पण रोग म्हटल्यावर रोग्याला कुलुपात ठेवायचे, हेही ओघाने आले. पंधरा-सोळा वर्षांत सरकारने त्या इमारतीचे मनोरुग्णालय करून टाकले. निवासगृहाच्या दाराला कुलूप नव्हते, इस्पितळाच्या दाराला होते. पुढच्या दीडशे वर्षांत हा फरक पुन्हा पुन्हा समोर येतो.

लेस्ली कीली यांचा व्यवसाय या दोन्हींहून निराळा. इलिनॉयमधल्या ड्वाइट नावाच्या लहान गावात त्यांनी १८७९ च्या सुमारास सोन्याचे क्षार असल्याचा दावा करीत एक औषध विकायला घेतले. देशभरातून लोक रेल्वेने येत, गावातल्या खाणावळींत आणि हॉटेलांत उतरत, दिवसातून चार वेळा रांगेत उभे राहून इंजेक्शन घेत आणि चार आठवड्यांनी घरी जात. औषधात दम नव्हता, हे पुढे उघड झाले. तरीही अनेकांची दारू सुटली. पहिल्या दिवसाच्या थरथरत्या माणसाशेजारी रांगेत चौथ्या आठवड्याचा टवटवीत माणूस उभा असे, संध्याकाळी दोघे एकाच ओसरीवर बोलत बसत. १८९१ पासून बऱ्या झालेल्यांनी कीली लीग नावाने गावोगावी आपली मंडळे काढली. गुण आला तो औषधापेक्षा या सोबतीने, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदीचा कायदा अमलात आला. दारूच नाही तर दारुडे कुठून असणार, या समजुतीने आधीच डबघाईला आलेली बहुतेक निवासगृहे आणि इस्पितळे बंद झाली. १९३३ मध्ये कायदा मागे घेतला गेला तेव्हा मद्यपींना जायला तुरुंग, मनोरुग्णालय किंवा रस्ता एवढेच उरले होते.

या पोकळीत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा (ए.ए.) जन्म झाला. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन कामानिमित्त ओहायोतल्या ॲक्रन शहरी गेला असता तिथले शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी त्याची भेट झाली. डॉ. बॉब यांनी ज्या दिवशी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस या संघटनेचा स्थापनादिन मानतात. दोघांचाही आधी ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक चळवळीशी संबंध आला होता. लहान गटात आपल्या चुका मोकळेपणाने कबूल करायच्या आणि झालेले नुकसान भरून द्यायचे, ही त्या चळवळीची शिस्त त्यांनी घेतली. आरंभीच्या काळात ए.ए.ला जागा म्हणजे या दोघांची घरेच. ॲक्रनमध्ये डॉ. बॉब आणि त्यांच्या पत्नी ॲन, तर ब्रुकलिनमध्ये बिल आणि त्याची पत्नी लोइस, पिणाऱ्यांना आपल्या घरी ठेवून घेत. घरातल्या बाईवर या पाहुण्यांचा केवढा भार पडत असेल, याची नोंद इतिहास क्वचितच घेतो.

मग ए.ए.ने स्वतः अशी घरे का काढली नाहीत? उत्तर तिच्या बारा परंपरांत आहे. १९४६ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, मालमत्ता साठवायची नाही, कोणत्याही बाहेरच्या उपक्रमाला आपले नाव द्यायचे नाही. पैसा, मालमत्ता आणि मानपान यांनी संघटना फुटतात, बाहेरच्या वादात पडून वॉशिंग्टनवाल्यांत फूट पडली, हे तिच्या संस्थापकांना ठाऊक होते. या संयमामुळे ए.ए. टिकली, पण रात्री झोपायचे कुठे हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर गेला. तो सदस्यांनी वैयक्तिक पातळीवर हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमध्ये ए.ए.च्या जुन्या सदस्यांनी मोठी घरे भाड्याने घेऊन नव्याने दारू सोडणाऱ्यांना ठेवायला सुरुवात केली. दारू सोडण्यासाठी ए.ए.ने आखलेल्या बारा पायऱ्यांवरून ही ‘बारा पायऱ्यांची घरे’ म्हणून ओळखली जात. पुढे कॅलिफोर्नियात अशाच भाड्याच्या घरांना सोबर लिव्हिंग हाऊस म्हणू लागले. मिनेसोटात १९४९ मध्ये हेझल्डन हे केंद्र निघाले, आणि चार वर्षांतच, १९५३ मध्ये, केंद्रातून बाहेर पडणाऱ्यांसाठी त्याला सेंट पॉल शहरात हाफवे हाऊस उघडावे लागले.

अफू आणि हेरॉइनच्या बाबतीत हाच धडा अधिक निष्ठुरपणे समोर आला. १९३५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथे केंद्र सरकारने अर्धे इस्पितळ आणि अर्धे तुरुंग असलेली मोठी संस्था उघडली होती. शेती, गोठा, कारखाना, कुरणे, सगळे होते. तिथून न्यूयॉर्कला परतलेल्या १,९१२ रुग्णांचा मागोवा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा नशेकडे वळले होते, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. शेतावर महिनोन्महिने शुद्ध राहिलेला माणूस हार्लेमच्या त्याच कोपऱ्यावर, त्याच मित्रांत परत येत होता. दहा-बारा वर्षांनी समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र उलटे दिसले. तिकडे हेरॉइनच्या पुरते आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर तीन वर्षांत जेमतेम बारा टक्के पुन्हा त्या गर्तेत गेले. त्यांच्या बाबतीत व्यसनाची जागाच हजारो मैल मागे राहिली होती. दोन्ही गटांतली माणसे वेगळी, वये वेगळी, तेव्हा तुलना जपून करायला हवी. तरीही माणूस कुठे परततो याला उपचाराइतकेच वजन आहे, हे या दोन अभ्यासांनंतर नाकारता येईनासे झाले.

याच सुमारास सहवासाचा एक प्रयोग भलत्याच वाटेला गेला. ए.ए.मध्ये दारू सोडलेले चार्ल्स डीडरिख यांनी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सिनानॉन ही वसाहत काढली. हेरॉइन सोडणाऱ्यांनी एकत्र राहायचे, तज्ज्ञांना फाटा द्यायचा, रात्री गोलात बसून एकमेकांची कठोर झाडाझडती घ्यायची. सुरुवातीला तिथे जी माणसे सावरली त्यांना इतरत्र कुणी हात लावायला तयार नव्हते, हे विसरता येत नाही. पण सगळी सत्ता एका माणसाच्या मुठीत गेली. बाहेर पडणे हाच गुन्हा ठरला, संस्थेचा पंथ झाला. १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध खटला चालवणाऱ्या वकिलाच्या पत्रपेटीत विषारी साप सोडण्यापर्यंत मजल गेली. १९९१ मध्ये ती विसर्जित झाली.

आज जगात सर्वाधिक पसरलेले सोबर घर म्हणजे ऑक्सफर्ड हाऊस. ते १९७५ मध्ये मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनला लागून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी सुरू झाले. त्याचे एक संस्थापक पॉल मलॉय हे वकील, सिनेटच्या वाणिज्य समितीत काम केलेले. दारूपायी त्यांचे घर सुटले आणि ते जिल्हा प्रशासनाच्या हाफवे हाऊसमध्ये राहायला आले. सहा महिने झाले की नव्याला जागा देण्यासाठी जुन्याने निघायचे, असा तिथला नियम होता. मुदत संपून गेलेले एकेक जण पुन्हा प्यायला लागल्याच्या बातम्या आत राहिलेल्यांच्या कानावर येत. तेवढ्यात निधी आटल्यामुळे ते घरच बंद करण्याचा निर्णय झाला. रहिवाशांनी डोके लढवले: पगारी व्यवस्थापक नको, स्वयंपाकी नको, आपणच भाडे भरू आणि आपणच चालवू. त्यांनी घराचा भाडेकरार आपल्या नावावर घेतला. ए.ए.च्या मुळाशी असलेल्या चळवळीची आठवण म्हणून घराचे नाव ठेवले ऑक्सफर्ड.

जुन्या घरातल्या नियमांपैकी काय ठेवायचे यावर या मंडळींनी बराच खल केला. शेवटी तीनच गोष्टी उरल्या. घर लोकशाही पद्धतीने चालेल, घर आपल्या पैशांवर चालेल, आणि जो पुन्हा नशा करील त्याला ताबडतोब बाहेर जावे लागेल. सहा महिन्यांची मुदत रद्द झाली. भाडे भरणाऱ्या आणि शुद्ध राहणाऱ्या माणसाने हवे तितके दिवस राहावे. हा शेवटचा बदल वरवर साधा दिसतो, पण सगळ्यात मोलाचा तोच. सावरायला कुणाला पाच महिने लागतात, कुणाला तीन वर्षे, आणि ते कॅलेंडर पाहून ठरत नाही.

या घराची आठवड्याची सभा म्हणजे त्याचा कणा. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसतात. अध्यक्ष सभा चालवतो, चिटणीस मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतो, खजिनदार बँकेतली शिल्लक सांगतो. कुणाचे भाडे थकले ते पाहणारा एक वेगळा पदाधिकारी असतो. तो नाव घेऊन आकडा सांगतो, आणि ज्याचे थकले तो त्याच टेबलावर समोर बसलेला असतो. न्हाणीघर कुणी धुतले, कचरा कुणी बाहेर ठेवला नाही, हेही तिथेच निघते. धनादेशावर दोन सह्या लागतात. एका पदावर सलग सहा महिन्यांहून अधिक कुणालाही राहता येत नाही, म्हणजे घर कुणा एकाचे होत नाही. सिनानॉनमध्ये नेमके याचेच भान राहिले नव्हते. जागा रिकामी झाली की इच्छुकाला याच टेबलाशी बोलावून विचारपूस होते, आणि ऐंशी टक्के रहिवाशांनी होकार दिला तरच तो आत येतो. वर्षानुवर्षे ज्याच्या शब्दावर घरच्यांनीही विश्वास ठेवला नाही, त्याच्या हाती तीन महिन्यांत घराचे चेकबुक येते. बारा पायऱ्यांची पुस्तके जे सांगतात त्याचा सराव इथे वीजबिलापासून सुरू होतो.

हाकलण्याचा नियम क्रूर वाटतो आणि काही वेळा तो क्रूर ठरलाही आहे. थंडीच्या रात्री दोघांच्या पहाऱ्यात बॅग भरून माणसाला निघावे लागते. त्याच्या बाजूने युक्तिवाद असा, की एक बाटली घरात आली तर आठ जणांची व्यसनमुक्ती धोक्यात येते, आणि त्या आठांना दुसरे घर नाही.

पहिल्या घराच्या शिल्लक पैशांतून दुसरे उभे राहिले, त्यातून तिसरे. तरीही १९८८ पर्यंत ही संख्या विशीच्या आतच होती, कारण नवे घर घ्यायचे तर अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ लागे. १९८८ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात एक छोटे कलम आले. प्रत्येक राज्याने एक लाख डॉलरचा फिरता निधी ठेवावा आणि किमान सहा जणांच्या अशा घराला चार हजार डॉलरपर्यंत कर्ज द्यावे, ते दोन वर्षांत हप्त्यांनी फेडावे. फेडलेला पैसा पुढच्या घराला मिळे. बचतगटांची ओळख असलेल्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगायला नको. या कलमाने घरे देशभर पसरली. २००० नंतर हा निधी ठेवणे राज्यांच्या मर्जीवर सोडले गेले, पण तोवर जोडलेल्या घरांचे जाळे तयार झाले होते. शेजारच्या घरांचे मिळून मंडळ, जुन्या रहिवाशांनी नव्या घरात जाऊन काही आठवडे राहायचे, असा त्याचा विस्तार झाला. पुरुषांची घरे वेगळी, स्त्रियांची वेगळी, आणि काही घरांत आया मुलांसह राहतात. आज या घरांची संख्या तीन हजारांवर आहे.

घरे वाढली तशी शेजाऱ्यांची तक्रारही वाढली. दारुडे आपल्या गल्लीत नकोत, घरांच्या किमती पडतील. नगरपालिका हा विरोध सरळ बोलून दाखवत नसत, बांधकाम नियमावलीचा आधार घेत. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहरात असेच झाले. एकेरी कुटुंबांसाठी राखलेल्या भागात ऑक्सफर्ड हाऊस उघडले, त्यात दहा-बारा माणसे राहत होती. शहराच्या नियमात कुटुंबाची व्याख्या होती: रक्ताच्या, दत्तकाच्या किंवा विवाहाच्या नात्याने बांधलेली कितीही माणसे, पण नाते नसलेली पाचपर्यंतच. शहराने दंडाची कारवाई केली. १९८८ च्या दुरुस्तीनंतर घर विकताना वा भाड्याने देताना भेदभावाला मनाई करणारा कायदा अपंगांनाही लागू झाला होता आणि नशा सोडलेली माणसे त्यात बसत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल लागला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिले, की घरात किती माणसांनी राहावे यावरची मर्यादा वेगळी आणि कुणाला कुटुंब म्हणावे हा नियम वेगळा. दुसऱ्याला कायद्यातून सूट नाही. शहराच्या नियमाप्रमाणे दहा भावंडे त्याच घरात खुशाल राहू शकली असती. हा निकाल नसता तर आजची अनेक घरे वस्त्यांच्या बाहेर ढकलली जाण्याची शक्यता होती.

ही घरे उपयोगी पडतात का, हे मोजण्याचे काम शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड जेसन यांनी केले. उपचार पूर्ण केलेल्या १५० जणांना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले: अर्ध्यांना ऑक्सफर्ड हाऊसमध्ये पाठवले, अर्ध्यांना नेहमीचा पाठपुरावा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी घरात गेलेल्यांपैकी ३१ टक्के पुन्हा नशा करीत होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ६५ टक्के होते. नोकरी असलेले ७६ टक्के विरुद्ध ४९ टक्के. अभ्यास लहान आणि एकाच राज्यातला. तरी सरकारचा खर्च जवळपास शून्य असलेल्या एखाद्या व्यवस्थेतून एवढा फरक क्वचितच दिसतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता (सुनंदा) आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिल अवचट यांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीने त्याला बळ मिळाले. इथला मुक्काम पस्तीस दिवसांचा, पण घरी गेल्यावर काय हे पहिल्यापासून डोक्यात होते. पाठपुराव्याच्या सभा, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट, आणि बरे झालेल्यांनीच कार्यकर्ते होणे ही त्याची उत्तरे. आपल्याकडे केंद्रातून सुटलेला माणूस बहुधा आई-बायकोच्या घरीच परततो, म्हणून आधाराची बांधणी कुटुंबाभोवती झाली. रहिवाशांनी स्वतः चालवायचे भाड्याचे घर ही कल्पना इथे फारशी रुजली नाही. ज्याचे घर उरलेलेच नाही, त्या माणसाची सोय त्यामुळे अजूनही तोकडी आहे.

अमेरिकेत गेल्या पंधरा वर्षांत या नावाला काळिमाही लागला. २००८ आणि २०१० च्या कायद्यांनी व्यसनोपचाराला विम्याचे भक्कम संरक्षण दिले आणि दलाल जागे झाले. फ्लॉरिडातल्या डेलरे बीच परिसरात घरमालक फुकट निवास देऊन तरुणांना ठेवीत, ठरलेल्या दवाखान्यात पाठवून माणशी दलाली घेत आणि लघवीच्या तपासण्यांची हजारो डॉलरची बिले विमा कंपन्यांना जात. मुलगा पुन्हा नशेत पडला की नवा उपचार, नवे बिल. काहींचा यात जीव गेला. २०१८ मध्ये केंद्रीय कायद्याने अशी दलाली गुन्हा ठरवली. २०२३ मध्ये ॲरिझोनात आणखी मोठे प्रकरण उघड झाले. मूळनिवासी जमातींच्या लोकांना गाड्यांत घालून फीनिक्सच्या घरांत आणले जात होते आणि न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी आरोग्ययोजनेला लावली जात होती. राज्याने शंभराहून अधिक संस्थांची देयके रोखली. घराघरांतला फरक कळावा म्हणून २०११ मध्ये स्थापन झालेल्या अशा घरांच्या राष्ट्रीय संघाने घरांच्या चार पातळ्या आणि प्रत्येकीचे निकष ठरवले आहेत. पहिली पातळी पूर्णपणे रहिवाशांच्या हाती, चौथीत पगारी तज्ज्ञ.

सध्याचा सगळ्यात अवघड वाद औषधांचा आहे. हेरॉइनसारख्या नशेवरचा उपचार म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणारा माणूस शुद्ध मानायचा की नाही? जुन्या वळणाची अनेक घरे नाही म्हणत आली. पण फेंटानिल या जहाल अमली पदार्थाच्या काळात औषध सोडून नशेकडे वळलेला माणूस एका रात्रीत मरू शकतो, आणि डॉक्टरने दिलेले औषध घेतो म्हणून एखाद्याला उपचार नाकारणे हा भेदभाव ठरू शकतो, असे न्याय खात्याने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे घराघरांतल्या टेबलांवर आता या विषयावर मतदान होते. हाकलण्याच्या नियमातही बदल होत आहेत: बॅग भरण्याआधी त्या माणसाला कुठल्या केंद्रात पोहोचवायचे ते अनेक घरे ठरवून घेतात. आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात, डब्यांच्या शेजारी, श्वास थांबलेल्याला परत आणणारे नॅलोक्सोन नाकात फवारण्याची छोटी पेटी ठेवलेली असते. ती कशी वापरायची हे नव्या रहिवाशाला बहुधा पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते.